कोंडवाड्यातलं गायगोधन

माझं झेरॉक्सचं दुकान नगरपंचायतीच्या अगदी समोर आहे. त्यामुळे गावातली तक्रार आधी माझ्याकडे येते आणि मग साहेबांकडे जाते. लोक येतात, खुर्चीत बसतात, घाम पुसतात आणि सांगायला लागतात. मी टाइप करते. नळाला पाणी नाही, नालीवर झाकण नाही, खांबावर दिवा नाही. दुसऱ्यांचे अर्ज लिहिता लिहिता मला स्वतःलाच अर्ज करायची सवय लागली. आमचे हे म्हणतात, बाकीच्या बायका श्रावणात व्रत धरतात, आमच्याकडे बारा महिने तक्रारीचं व्रत असतं आणि त्याचं उद्यापन काही होत नाही.

तक्रारींचा खरा हंगाम पावसाळा संपल्यावर येतो. पाऊस चालू असेपर्यंत सगळं त्याच्या नावावर खपतं. आश्विन लागला, आभाळ मोकळं झालं, की खड्डे, डास आणि नगरपंचायत एकदमच दिसायला लागतात. गावाबाहेर हलकं धान पिवळं पडलेलं असतं, तळ्याकाठी देवीच्या मूर्तींचे तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, सांगाडे पडलेले असतात, आणि नगरपंचायतही आळस झटकून कामाला लागते. धुराची गाडी फिरते. तिच्यामागे पोरं पळतात आणि डास बाजूला उभे राहून गंमत बघतात. घंटागाडी तिचं ते गाणं लावून बरोबर मी फोनवर बोलत असताना दुकानासमोर थांबते. नवरात्रात देवीच्या चौकात नवे दिवे लागतात आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतले जातात. मी त्यावर अर्ज केला होता. दिवे परत आले. खोटं कशाला बोलू, अर्ज मंजूर झाला की मला फार बरं वाटतं. त्या दिवशी भाजीत मीठ कमी पडलं तरी मी कुणाला काही बोलत नाही.

गेल्या वर्षी मात्र मी गाईंवर घसरले.

गाई रस्त्यावर का बसतात, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पूर्वी त्या रानात चरायला जायच्या. आमच्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात. गायकी सकाळी गल्लीगल्लीतून हाक देत जायचा, गाई दावणीतून सुटून आखरावर जमायच्या. आखर म्हणजे गावाच्या टोकाची मोकळी जागा, गाईंचं स्टँडच म्हणा ना. तिथून सगळा कळप जंगलाकडे. पुढे जवळच्या जंगलात वाघ आला आणि तो परत गेला नाही. चराई बंद झाली. आखराच्या जागेवर नगरपंचायतीनं बगीचा केला आणि व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली, त्यावर माकडं बसतात. लोकांनी गायकीला वर्षाचं धान द्यायचं हळूहळू बंद केलं, सकाळी दूध काढून गाय रस्त्यावर सोडून द्यायची आणि संध्याकाळी आली तर आली, असा नवा रिवाज पडला. गाईंनाही डांबरी रस्ता आवडला. तिथे डास कमी लागतात.

त्यातली एक गाय माझ्या विशेष ओळखीची होती. तांबडी, एक शिंग वर गेलेलं आणि दुसरं कानाकडे वळलेलं. तिला चाऱ्यापेक्षा कागद आवडायचा. बिघडलेल्या झेरॉक्स मी दुकानाबाहेर खोक्यात टाकते, तिथे ती रोज हजेरी लावायची. जातीचे दाखले, सातबारे, रेशन कार्डं, काही म्हणून तिनं सोडलं नाही. हाकललं तर चार पावलं मागे जायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू दुकान तिचं आणि मी गिऱ्हाईक.

शेवटी मी अर्ज टाइप केला. मोकाट गाईंमुळे नागरिकांना होणारा त्रास, वाहतुकीची कोंडी, अपघाताचा संभव, सगळं मुद्देसूद. दोन पानी प्रिंट काढली, काउंटरवर ठेवली आणि स्टेपलर घ्यायला वळले. परत बघते तर तांबडीनं मान लांब करून दोन्ही पानं उचललेली. मी ओढायला गेले तोवर सही तेवढी बाहेर राहिली होती, तीही गेली. आमचे हे चहा पीत बसले होते, ते हसता हसता शर्टावर चहा सांडून बसले. म्हणाले, "अर्ज संबंधित व्यक्तीकडे पोचला."

मी दुसरा अर्ज टाइप केला. त्यात हा प्रकार घालायला विसरले नाही.

साहेब नवे होते, तरुण होते, पुण्याकडचे होते. शिवाय दिवाळीनंतर स्वच्छतेची तपासणी करायला बाहेरून लोक येणार होते. त्यामुळे माझा अर्ज पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत वाचला. दसऱ्याच्या आपट्याची पानं अजून घरात होती, तेवढ्यात गाई धरायची मोहीम निघाली. दोर घेऊन कर्मचारी पळताहेत, गाई पळताहेत, मागून लोक सूचना देताहेत, असा तो तमाशा सगळ्या गावानं बघितला. तांबडीला मात्र धरावंच लागलं नाही. एक बाबू काखेत कागदाचं भेंडोळं घेऊन पुढे चालला होता, त्याच्या मागोमाग ती आपल्या पायानं कोंडवाड्यात गेली. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून बघितलं आणि समाधानानं आत जाऊन पंखा लावला.

कोंडवाडा आमच्याकडे ग्रामपंचायत होती तेव्हाचा. जुन्या आखराच्या कोपऱ्यात दगडी भिंत, लोखंडी फाटक, मधे एक मोठा कडुनिंब. धानात शिरलेली जनावरं तिथे कोंडायचे. बरीच वर्षं तो ओसच होता, आता गच्च भरला. घंटागाडीवरून गाणं थांबवून पुकारा व्हायला लागला, की ज्यांच्या गाई असतील त्यांनी दंड भरून आणि पुन्हा रस्त्यावर सोडणार नाही असं लिहून देऊन त्या न्याव्यात. दिवाळीच्या सुट्ट्या संपेपर्यंत ज्या राहतील त्या ट्रकमध्ये घालून नागपूरकडच्या गोशाळेत पाठवल्या जातील.

न्यायला कुणी आलं नाही. दंड दिवसागणिक वाढत होता, आणि दंडापेक्षा ते लिहून देणं लोकांना जड जात होतं. ज्यांच्या घरचं दूध मी चहात प्यायले आहे, अशा बायका माझ्या दुकानात बसून म्हणायच्या, "आमच्या घरी गायच नाई ना बाई." एकीला मी म्हटलं, अहो, मग ती पांढरी, कपाळावर टिक्का असलेली? ती म्हणाली, "थे? थे असन कोनाची तरी." आणि शांतपणे आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन गेली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी गायकी दुकानात आला. मला वाटलं, आता भांडण होणार. मी तयारीत होते. भांडणात मी कधी मागे पडलेली नाही. पण तो खुर्चीत बसला, डोक्याचा दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "बाई, एक अर्ज लिहून द्या."

"कशाचा?"

"उद्या गायगोधन हाये. गाई कोंडवाड्यात हाये. गाई बाहेर येत नाई त मले आत जाऊ द्या, अस्सा लिहा."

बलिप्रतिपदेला आमच्याकडे गायगोधन असतं. गायकी आणि त्याच्या समाजाची माणसं नटूनथटून डफ आणि बासरी घेऊन निघतात. मोरपिसं लावलेला उंच बांबू पुढे असतो, त्याला ढाल म्हणतात. आखरावर शेणाचं गोधन घालतात, ते फुलांनी सजवतात आणि गाजतवाजत त्यावरून गाई नेतात. एकदा गाईचं पाऊल गोधनाला लागलं की पुढचं वर्षभर कळपाला धोका नाही. मग लोक आपापल्या गाईचे पाय धुतात, शिंगांना तेल लावतात आणि खिचडी भरवतात. गेली काही वर्षं हे सगळं बगीच्याच्या फाटकाबाहेर, चारदोन गाईंवर कसंबसं उरकत होतं. त्या वर्षी त्याही नव्हत्या.

मी म्हटलं, "भाऊ, ऑफिसला सुट्टी. साहेब गावाला गेले. अर्ज देणार कुणाला?"

"चाचाले."

चाचा म्हणजे कोंडवाड्याची चावी ज्यांच्याकडे असते ते नगरपंचायतीचे शिपाई. सगळ्यांनी दिवाळीची रजा टाकली, आणि आपल्याला कुठे फराळ करायचा आहे म्हणून चाचांनी एकट्यानं सगळी ड्यूटी अंगावर घेतली होती. शिपायाच्या नावे अर्ज मी जन्मात कधी टाइप केला नव्हता. तो केला. टाइप करताना सहज म्हटलं, ट्रक आला की मग तुम्ही काय करणार?

"लेकीकडे जाईन. मोहर्लीले. जवाई सफारीची जिप्सी चालवते. त्यानं रिसॉर्टवर बोलून ठेवलं, गेट उघडाचं काम. टोपी देते, डरेस देते."

"चांगलं आहे की मग. उन्हात हिंडणं नाही, महिन्याला पगार."

त्यानं दुपट्टा पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग म्हणाला, "बाई, सारी जिंदगी वाघापासून गाई वाचवून राह्यलो. आता लोकाईले वाघ दाखवाले गेट उघडू का मी?"

मी प्रिंट काढून दिली. पैसे घेतले नाहीत, तर तो नाराज झाला आणि नाणी काउंटरवर ठेवून गेला. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाला, "गाई गेल्या त मी गेलो. गाई राह्यल्या त मी हावोच." त्या रात्री पणत्या लावताना मी ह्यांना हे सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे तुझ्या अर्जानं गायकी मोहर्लीला चालला." मी त्यांना चिवडा वाढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा दुकानाच्या कुलपापाशी उभे. हातात तो अर्ज. म्हणाले, "बाई, ये क्या लिखके दिये? मेरे पास चाबी है, पावर नाई."

"मग नाही म्हणा."

"वैसा नाई. कल से सोच रहा हूँ." त्यांनी अर्जाची घडी केली. "साहेबाचा आदेश असा आहे का गाय बाहेर सोडायची नाई. मानसं आत येऊ नये, असं कुठी लिहिलं? और सच बोलू तो चारा भी खतम होने को आया. लोक येतील, दोन घास त्या जनावरांच्या पोटात जातील." आणि ते अत्तराचा वास मागे ठेवून निघून गेले.

दुपार कलल्यावर डफांचा आवाज आला. मी ठरवलं होतं की जायचं नाही. मग म्हटलं, आवाज किती मोठा करतात ते तरी बघून ठेवावं, पुढच्या अर्जाला उपयोगी पडेल. आमच्या ह्यांनी तोवर खिचडी शिजवून ताटात काढलीसुद्धा होती. मी म्हटलं, आपल्याकडे कुठे गाय आहे? तर म्हणाले, शेवटी कुणाच्याही गाईला भरवता येते, पुण्य का सोडायचं. दिवाळीत खिचडी खायला त्यांना स्वतःला निमित्त हवं होतं, हे मला माहीत होतं.

कोंडवाड्याच्या फाटकात पाऊल टाकलं आणि मी थबकले. त्या भिंतीआड इतक्या गाई एकत्र मी कितीतरी वर्षांनी बघत होते. रस्त्यावर एकेकटी बसलेली गाय नुसती अडचण वाटते. इथे तो कळप होता. शिंगांची दाटी, शेपट्यांची हालचाल, शेणामुताचा आणि वाळल्या तणसाचा उबदार वास. गायकी कमरेला घुंगरू बांधून, कवड्यांचं जाकीट घालून आत आला. त्याच्या गुडघ्यांना घुंगराचं वजन सहन होत नव्हतं, हे दिसत होतं. त्यानं गाई बघितल्या. ढाल दुसऱ्याच्या हातात दिली, कळपात शिरला आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवत पार भिंतीपर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत. "पुरा आखर भरला बाप्पा," एवढंच म्हणाला.

मग नाच झाला. दोहे झाले. डफ थांबला की तो हात वर करून दोन ओळी जोडायचा. त्यात चाचा आले, साहेब आले, बगीच्यातली माकडं आली, आणि झेरॉक्सवाली बाईही आली. लोक माझ्याकडे बघून हसले. मला राग आला, पण यमक बरं जुळलं होतं.

कडुनिंबाखाली गोधन घातलेलं होतं. शेणाचा लांबोळका ढीग, त्यावर झेंडूची फुलं आणि कडेनं रंगीत कागदाच्या पताका. आता गाई त्यावरून जायच्या. पण रस्त्यावरच्या ट्रकना न घाबरणाऱ्या त्या गाई डफाला बिचकल्या. दूरच्या भिंतीला जाऊन चिकटल्या. माणसं हाकलायला लागली तर अजूनच गोळा झाल्या. डफ हळू वाजवला, बासरी वाजवली, गूळ दाखवला. काही नाही. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. गोधनाला गाईचं पाऊल लागलं नाही तर ते कळपाला वाईट मानतात. म्हातारी माणसं मान हलवायला लागली. गायकी ढाल धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट कळत होतं की तो मनातल्या मनात मोहर्लीची टोपी घालून बघतो आहे.

तेवढ्यात कळपातून तांबडी बाहेर आली. डफाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. सगळ्यांच्या देखत ती संथ चालत गोधनापाशी आली, मान वाकवली आणि पताका खायला लागली. पहिली लाल खाल्ली. मग हिरवी. पलीकडच्या पिवळीपर्यंत तोंड पोचेना, म्हणून तिनं पुढचे दोन्ही पाय गोधनावर ठेवले.

असा गलका उठला की कडुनिंबावरचे पक्षी उडाले. डफ कडकडले. तांबडी गोधनावरून पार झाली, आणि तिच्यामागे एक, मग दुसरी, मग सगळा कळप त्या शेणावरून, झेंडूवरून चालत गेला. गायकी त्यांच्या बाजूनं नाचत होता. कुरकुरत्या गुडघ्यांचा माणूस असा नाचतो हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

आता पाय धुवायचे. रिवाज असा, की ज्या गाईनं पहिलं पाऊल ठेवलं तिचा मान पहिला. तिच्या मालकानं तिचे पाय धुतल्याशिवाय दुसऱ्या कुणी आपल्या गाईला हात लावायचा नाही. गायकीनं तांबडीला मधे आणून उभं केलं आणि विचारलं, "हिचा मालक कोन?"

कुणी पुढे आलं नाही. पुन्हा विचारलं. लोक एकमेकांकडे, मग फाटकात स्टूल टाकून बसलेल्या चाचांकडे बघत होते. आता माझ्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येकाकडे ताट आहे, पदराखाली, गमछ्याखाली झाकलेलं. "आमच्या घरी गायच नाई" म्हणणाऱ्या बाईच्या हातात तर तेलाची वाटीसुद्धा होती. सगळे आपापल्या गाईसाठी आले होते, आणि पाय धुतले की मालकी कबूल, म्हणून सगळे खिळल्यासारखे उभे होते. त्यात तांबडीचा मालक तर खरंच कुणी नव्हता.

मी गायकीला म्हटलं, "तुम्हीच धुवा की भाऊ."

"गायकीची गाय नसते बाई. साऱ्याच त्याच्या, म्हनून एकही नाई." आणि वर म्हणाला, "थे आपली आपनच आली गावात. कोनाची हाये, मलेही नाई माहीत."

मागून एक म्हातारी म्हणाली, "कोनाची म्हनजे? बाईचे कागद खाऊन मोठी झाली ते. जेवते तिथचीच ना."

सगळा कोंडवाडा हसला. आमचे हे सगळ्यात मोठ्यानं हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या गाईनं माझे अर्ज खाल्ले, गिऱ्हाइकांचे दाखले खाल्ले, आणि आता गावानं ती माझ्या गळ्यात बांधायची? मी तोंड उघडलं. चांगलं झणझणीत काहीतरी बोलणार होते. पण समोर गायकी उभा होता. तो हसत नव्हता. त्यानं कमरेची तेलाची छोटी बाटली काढून हातात धरली होती, पुढे केली नव्हती, नुसती धरली होती. आणि त्याच्यामागे ती सगळी झाकलेली ताटं.

मी माझं ताट ह्यांच्या हातात दिलं आणि पदर खोचला. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. गाईचे पाय मी आयुष्यात धुतले नव्हते. खूर इतका गार असतो आणि त्यावरची कातडी इतकी मऊ असते, हे मला ठाऊक नव्हतं. शिंगाला तेल लावताना त्या वाकड्या शिंगापाशी माझा हात जरा थांबला. ते कानात रुतत होतं, कानाला घट्टा पडला होता. एवढे दिवस मी तिच्याकडे फक्त हाकलायला बघत होते. मला एकदम रडूच आलं, आणि ते शेणाच्या वासानं आलं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खिचडी तिनं खाल्ली. ताटाखाली ह्यांनी घातलेला वर्तमानपत्राचा कागद तिनं आधी खाल्ला, मग खिचडी.

मी उठून बघते तर टिक्क्याच्या गाईपाशी ती बाई बसली होती आणि तिचे पाय धूत होती, मान वर न करता. मग किराणावाले पुढे आले. मग पानठेलेवाला. मग कोण कोण, कुणी गाईशी बोलत, कुणी तिलाच दटावत, "कुठी गेली होतीस मले सोडून?" जशी काही गायच चुकली होती. चाचांनी स्टूल फिरवून तोंड कडुनिंबाकडे केलं होतं. म्हणाले, "आज सुट्टी है, आज मैं कुछ देखता नाई. पन परवा साहेब आल्यावर सगळे या. आता गाय मायी नाई, गाय मायी नाई चालनार नाई."

आणि सगळे आले. ऑफिस उघडलं त्या सकाळी माझ्या दुकानासमोर रांग होती. साहेबांना काय झालं ते शेवटपर्यंत नीट समजलं नाही. ते प्रत्येकाला विचारत होते, मग एवढे दिवस का आला नाहीत? लोक दंड भरत होते, लिहून देत होते आणि सुटलेली गाय सरळ गायकीच्या हवाली करत होते. माझ्याच तक्रारीवरून धरलेल्या गाईचा दंड मी भरला, आणि पावतीची झेरॉक्सही माझ्याच दुकानात काढली. एक प्रत जास्तीची काढली, ती तांबडीला दिली.

दुपारी ट्रक आला. ड्रायव्हरनं चहा घेतला, रिकाम्या कोंडवाड्यात डोकावून बघितलं आणि निघून गेला.

त्याच वेळी गायकीची मुलगी माझ्याकडे आली. भाऊबीजेला आली होती, ती बापाला घेऊन जायला म्हणून थांबली होती. बाहेर जावयाची जिप्सी उभी होती आणि मागच्या सीटवर गायकीची पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली होती. मुलगी दमलेली दिसत होती. म्हणाली, "बाई, आमचा बाबा सकाळपासून पेटीजवळ येऊनच नाई राह्यला. गाई घेऊन तळ्याकडे गेला. तिथी त्याले छप्पर आहे, पगार आहे, दोन टाइमाचं जेवन आहे. तो तुमचं आयकते. तुमीच समजवा ना त्याले."

तिचं म्हणणं खरं होतं. अर्ज म्हणून टाइप केलं असतं तर एकही मुद्दा खोडता आला नसता. दिवाळीआधी ती आली असती तर मीच बापाला हाताला धरून जिप्सीत बसवलं असतं. मी काही चांगलं, समजुतीचं बोलायला लागले, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"तो गेला तर माझ्या गाईला चरायला कोण नेणार?"

आतून आमचे हे खोकले. "माझ्या गाईला" असं मी म्हटलं होतं, आणि ते मलाही त्याच क्षणी ऐकू आलं. मग मुलगी हसली, बऱ्याच दिवसांचं साठलेलं हसावं तसं, आणि बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "पेटी खाली उतरव."

आता रोज सकाळी गल्लीच्या तोंडातून हाक येते. तांबडी तोंडातला कागद सोडून निघते. मी अंगणाचं फाटक उघडते.